होडीवाल्याचा चेंडू

"माझे वडील चोर नव्हते," एवढंच बोलून त्या बाई खुर्चीत बसल्या.

भाऊजींनी पाण्याचा ग्लास पुढे केला. औषधांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार! खाली त्यांचं दुकान, वर वहिनींचं ऑफिस. भाऊजींचा मोठा भाऊ गेल्यावर वहिनींनी वकिली सोडली आणि लोकांची हरवलेली माणसं, हरवलेल्या वस्तू आणि कधीकधी हरवलेली अब्रू शोधून द्यायचा हा उद्योग सुरू केला. दुपारी दुकान बंद असलं की भाऊजी वर येऊन बसत. "भाऊजी सोबत हवेतच," वहिनी म्हणत, "जगाला जे वाटणार असतं ते त्यांना आधी वाटतं. मग मला जगाला विचारत बसावं लागत नाही." हे कौतुक की टोमणा, याचा उलगडा भाऊजींना अजून झालेला नव्हता.

आलेल्या बाईंना दोघंही ओळखत होते. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मास्तरीणबाई. होडीवाल्याची मुलगी.

होडीवाला कोण, हे या गावात कुणाला सांगावं लागत नाही. समुद्राला लागून, वाळूच्या टेकड्यांवर, इथलं जुनं गोल्फचं मैदान पसरलेलं आहे. गावाचं नाव झालं ते या मैदानामुळे आणि मैदानाचं नाव झालं ते इथल्या खेळाडूंमुळे. त्या सगळ्यांत वरचढ निघाला तो होड्या बांधणारा एक सुतार. मास्तरीणबाईंच्या जन्माच्या वर्षी त्याने देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकली. तीही शेवटच्या होलला, म्हणजे मैदानाच्या अठराव्या पट्ट्यात, भणाणत्या वाऱ्यात, टेकडीमागच्या उंच गवतातून मारलेल्या एका फटक्याच्या जोरावर. ती जागा बघायला अजून लांबून माणसं येतात.

"शेवटच्या होलपाशी दगड बसवताहेत," मास्तरीणबाई बोलू लागल्या. "विजेत्यांची नावं कोरायची आहेत त्यावर. परवा उद्घाटन. बाकीची नावं झाली, बाबांची जागा तेवढी रिकामी ठेवलीय. का, तर गेल्या आठवड्यात तिथली जुनी भिंत दुरुस्त करताना गवंड्याला बाबांचा चेंडू सापडला. बाबा आपल्या चेंडूवर तीन लाल ठिपके काढायचे. तसेच ठिपके आहेत."

"मग? वाईट काय त्यात?" वहिनींनी विचारलं. त्यांनी जन्मात गोल्फची काठी हातात धरलेली नव्हती.

इथे भाऊजींना चेव आला. ते दर रविवारी खेळत आणि दर रविवारी हरत. "अहो वहिनी, चेंडू जिथे पडेल तिथूनच खेळावा लागतो. तो सापडलाच नाही, तर मागे जाऊन दंड भरून पुन्हा मारायचा. त्या दिवशी होडीवाल्याचा चेंडू टेकडीमागे गेला. सगळे शोधत होते. वेळ संपत आली आणि तेवढ्यात तो ओरडला, सापडला! तिथून मारला आणि जिंकला. आता खरा चेंडू भिंतीत गेला असेल, तर त्याने मारला तो कुठला?"

"खिशातून हळूच टाकलेला दुसरा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "असंच म्हणतात लोक. काल भाजी घेताना एकजण माझ्या देखत म्हणाला, होडीवाल्याच्या खिशाला भोक होतं." त्यांनी ग्लास बाजूला सारला. "समिती उद्या ठरवणार आहे. आईला दिसत नाही आता. फार दिवस नाहीत तिचे. रोज विचारते, नाव कोरलं का ग? मी हो म्हणून सांगितलंय. आयुष्यात तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. वहिनी, ते खोटं तुम्ही खरं करून द्या."

वहिनी उठल्या आणि त्यांनी चपला पायात सरकवल्या. त्यांचा होकार असाच असायचा.

*

गोल्फ क्लबच्या चिटणिसांनी चेंडू कुलपातून काढून टेबलावर ठेवला. ठेवताना तो दोन बोटांत धरला, जसं काही पोळेल.

चेंडूला माती फासलेली होती, पण पुसलेल्या भागावर तीन ठिपके लालभडक उठून दिसत होते. दुसऱ्या अंगाला साल चिरलेली होती. चांगली खोल, वळणदार चीर.

"हसतोय बघा," भाऊजींच्या तोंडून गेलं. सगळे त्यांच्याकडे बघू लागल्यावर ते गडबडले. "म्हणजे, आम्ही खेळणारे असं म्हणतो. जुन्या चेंडूंची साल मऊ असायची. लोखंडी क्लबची, म्हणजे काठीची, धार चुकून वरच्या अंगाला बसली, की अशी चीर पडते. ओठ हसल्यासारखी. माझ्या वडिलांचे बहुतेक चेंडू हसरेच होते."

"लाकडी क्लबने नाही पडत?" वहिनींनी विचारलं.

"छे हो. लाकडाला धार कुठली?"

वहिनींनी चेंडू खाली ठेवला. "चिटणीससाहेब, त्या दिवशीचा खेळ तुम्ही पाहिलाय?"

"पाहिलाय म्हणजे? शाळा बुडवून!" चिटणीस क्षणभर खुलले. "शेवटपर्यंत दोघंच राहिले होते, होडीवाला आणि आपले एकफटके काका. दोघंही इथलेच. सतराव्या होलपर्यंत होडीवाला एका फटक्याने पुढे. तिथे त्याचा लोखंडी फटका चुकला, चेंडू उडालाच नाही, जमिनीलगत सरपटत गेला. सगळं मैदान हळहळलं. झाली बरोबरी. मग शेवटच्या टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, त्याने लाकडी क्लबने असा काही हाणला की चेंडू वाऱ्यावर बसून टेकडीमागे गेला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. काका एका फटक्याने हरले आणि गावाने त्यांचं नावच एकफटके ठेवलं."

"आणि आता होडीवाल्याचं नाव खोडलं तर?"

"तर नियमाने काका विजेते." चिटणिसांनी खिडकीबाहेर बघितलं. "मला विचाराल तर दोघांचंही कौतुक पुरे झालं. हे मैदान माझ्या आजोबांनी आखलं. टेकडी न टेकडी पायाखाली घातली. त्यांचं नाव कुठे आहे? कपड्यांच्या खोलीत, दाराच्या मागे! दार उघडं असलं की दिसतसुद्धा नाही."

बाहेर पडल्यावर भाऊजी कुजबुजले, "वहिनी, हाच! पोटात किती विष आहे बघा."

"पोटातलं ओठांवर आलं ना, भाऊजी? मग पोटात कसलं राहिलं?" वहिनी म्हणाल्या. चेंडू त्यांनी चिटणिसांकडून मागून घेतला होता, आपल्या जबाबदारीवर.

*

शेवटच्या होलच्या डाव्या अंगाला ती भिंत होती. दगडावर दगड रचलेली, मध्ये फटी, पलीकडे थेट समुद्र. अर्धी उतरवून झाली होती. गवंडी घाबरलेलाच होता.

"बाई, मी सापडला तसा नेऊन दिला. मला काय ठाऊक एवढं रामायण होईल! त्या दिवसापासून माझ्याकडे असे बघतात, जसा काही मीच कुणाचं नाव पुसलं."

"तुमचं काही चुकलं नाही. फट कोरडी असते का ही?"

"कोरडी? अहो, भरतीला वारं सुटलं की पाण्याचा फवारा आरपार येतो. मागे मी लोखंडी पहार इथे विसरलो होतो, ती चार महिन्यांत गंजून हातात सोलून आली. दगडसुद्धा खातं हे पाणी."

"काम याच टोकाकडून सुरू करायचं, हे कुणी ठरवलं?"

"मी तिकडून करणार होतो, जास्त पडलीय ती बाजू. पण क्लबमधून निरोप आला, आधी ही बाजू घ्या म्हणून. कुणी दिला विचाराल तर शिपाई आला होता. त्याला कुणी सांगितलं, देव जाणे."

वहिनींनी फटीत हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटं ओली होती.

*

क्लबच्या जुन्या जेवणघरात आता वारसा दालन होतं. ते सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. एकफटके काकांची ही एकुलती एक मुलगी. लग्न केलं नाही, वडिलांचं करण्यात वय गेलं. दालनातली प्रत्येक काच त्यांनी स्वतः पुसलेली होती, प्रत्येक पाटी स्वतः लिहिलेली होती.

"या ना," त्या म्हणाल्या. "मास्तरीणबाईंसाठी मला फार वाईट वाटतं. पण वस्तू सापडली ती सापडली. आपण काय करणार?"

खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात होडीवाल्याचे क्लब होते, बूट होते आणि त्याच्या कुठल्याशा जुन्या सामन्यातला एक चेंडू. त्यावरचे ठिपके भाऊजींना चष्मा पुसून शोधावे लागले, इतके ते फिके झाले होते.

"उन्हाने उडालेत," ताई म्हणाल्या. "ती शाई फार नाजूक. ऊन सोसत नाही, पाणी सोसत नाही. मी चिटणिसांना किती वेळा सांगितलं, पडदे लावू या."

पलीकडे एकफटके काकांचा कोपरा होता. एक क्लब, एक टोपी आणि खाली ताईंच्याच सुबक अक्षरातली पाटी: एका फटक्याने उपविजेते.

"ही तुम्ही लिहिलीत?" वहिनींनी विचारलं.

"मग कोण लिहिणार? माझं कामच आहे ते." ताई हसल्या, पण त्यांनी त्या पाटीकडे बघितलं नाही.

भिंतभर मोठा केलेला एक फोटो होता. बक्षीस समारंभाचा. मध्ये होडीवाला, हातात चषक, चेहरा भांबावलेला. शेजारी तरुण एकफटके काका, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवणारे. भोवती गर्दी, सगळ्यांचे हात टाळीत जुळलेले. काकांना खेटून फ्रॉक घातलेली एक लहान मुलगी उभी होती. तिची एक मूठ छातीशी घट्ट मिटलेली होती आणि दुसऱ्या हाताने तिने ती मूठ झाकून धरली होती.

"ही तुम्ही ना, ताई?"

"हो."

"सगळं गाव टाळ्या वाजवतंय. तुम्हीच तेवढ्या नाही."

"अहो वहिनी, काय हे!" भाऊजींनाच ओशाळवाणं झालं. "बाप हरल्यावर लेक कशाला टाळ्या वाजवेल?"

"खरंय," वहिनी म्हणाल्या. "बाप मात्र वाजवतोय."

*

काका खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसले होते. झटका आल्यापासून उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. घर लख्ख होतं. उशाला औषधं ओळीने लावलेली. भाऊजींच्याच दुकानातली.

"यांना काही विचारू नका," ताई म्हणाल्या. "हो आणि नाही, दोन्हीला तशीच मान हलवतात. मागचं काही राहिलं नाही डोक्यात."

"विचारत नाही. दाखवते फक्त." वहिनींनी चेंडू त्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवला.

म्हातारबुवांनी तो बोटांनी फिरवला. अंगठा त्या चिरेवर गेला आणि थांबला. ठिपके त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितले. मग त्यांनी वहिनींकडे बघितलं नाही, भाऊजींकडे बघितलं नाही. हात लांब करून त्यांनी चेंडू लेकीपुढे धरला. ताईंनी घेतला नाही, तरी तसाच धरून ठेवला. हात खाली यायला लागला, की पुन्हा वर उचलत.

"दमले ते," ताई भराभर म्हणाल्या. "काढून घे म्हणताहेत. बाबा, द्या इकडे." चेंडू घेऊन त्यांनी तो वहिनींच्या हातात दिला आणि पाण्याचं निमित्त करून आत गेल्या.

आपण एका आजारी माणसाला उगाच छळलं, असं त्यांना वाटलं.

*

मास्तरीणबाईंची आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. अंगाचा नुसता सापळा, पण आवाज खणखणीत.

"पाहुणे आलेत का ग? नाव बघून आलात ना तुम्ही? खोल कोरलंय ना? वाऱ्याने झिजता कामा नये."

मास्तरीणबाईंनी तोंड फिरवलं. वहिनीच पुढे झाल्या आणि त्यांनी म्हातारीचा हात हातात घेतला.

"खोल कोरणार आहेत, आजी. तुम्ही होतात का हो त्या दिवशी मैदानावर?"

"मी कसली! ही पोटात होती, दिवस भरत आले होते. घरीच होते मी. यांनी यायचं आणि सांगायचं, मी ऐकायचं. आणि सांगतील तरी काय? जिंकले एवढंच. बाकी सगळं मनात." म्हातारी हसली. "खुळे होते हो. सामन्याच्या आदल्या दिवशी दाढी करायचे नाहीत. डावा बूट आधी. शेवटच्या होलला कोराच चेंडू लागायचा आणि आधीचा तिथेच कुणातरी लेकराच्या हातात ठेवून द्यायचा. खिशात खाऊची पुडी असायची, ती मात्र परत आणायचे, माझ्यासाठी. मी म्हणायचे, पोरांना चेंडू आणि मला खाऊ, हा काय न्याय?"

सगळे हसले. मास्तरीणबाई हसता हसता रडल्या, पण आवाज न करता.

परतताना गाडीत वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उद्या सकाळी सगळ्यांना दालनात बोलवा. काकांनासुद्धा. समिती बसायच्या आत."

*

सकाळी दालनात ऊन तिरपं आलं होतं. चिटणीस, गवंडी, मास्तरीणबाई, ताई आणि खुर्चीत काका. चेंडू टेबलावर.

"मला खेळातलं काही कळत नाही," वहिनींनी सुरुवात केली. "त्यामुळे मी फक्त या चेंडूकडे बघितलं. आरोप काय आहे? होडीवाल्याने शेवटच्या टीवरून मारलेला चेंडू हाच, आणि तो भिंतीत जाऊन पडला. म्हणजे शेवटच्या होलला याला किती फटके बसले?"

"एकच," चिटणीस म्हणाले.

"कशाने?"

"लाकडी क्लबने."

"मग ही चीर कुठून आली?"

चिटणिसांनी चेंडू उचलून चीर उन्हात धरली. भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला. लाकडाला धार कुठली! त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, आणि स्वतःलाच ऐकू आलं नव्हतं.

"लोखंडी फटका चुकला की अशी चीर पडते. होडीवाल्याचा लोखंडी फटका चुकला तो सतराव्या होलला. तुम्हीच सांगितलंत. तेव्हा हा चेंडू त्याचा, त्या दिवसाचा, अगदी खरा. पण सतराव्या होलचा."

"तोच पुढे घेतला असेल," चिटणीस म्हणाले.

"भाऊजी, सगळ्यात मोठी स्पर्धा, बरोबरी झालेली, शेवटचा होल. चिरलेला चेंडू टीवर ठेवाल?"

"मी?" भाऊजी म्हणाले. "मीसुद्धा नाही हो! चिरलेला चेंडू कुठे जाईल त्याचा नेम नाही."

"त्यात होडीवाल्याची रीतच होती. शेवटच्या होलला कोरा चेंडू, आणि आधीचा जवळच्या एखाद्या लेकराच्या हातात. म्हणजे शेवटच्या टीवरून उडाला तो दुसराच चेंडू. टेकडीमागे शोधला तो, सापडला तो आणि ग्रीनच्या हिरवळीवर गेला तोही. हा चेंडू तेव्हा एका मुलाच्या मुठीत होता."

मास्तरीणबाईंनी तोंडावर हात घेतला.

"आता तो भिंतीत कसा आला? या ठिपक्यांची शाई ऊन सोसत नाही, पाणी सोसत नाही. भिंतीच्या त्या फटीत लोखंड चार महिन्यांत गंजतं. आणि हे ठिपके बघा, काल काढल्यासारखे. माती वरून फासलेली आहे. हा चेंडू इतकी वर्षं कुठल्यातरी अंधाऱ्या, कोरड्या पेटीत होता. कुणीतरी जिवापाड जपलेला होता. चेंडू मिळालेल्या त्या लेकराने." वहिनींचा आवाज मऊ झाला. "टाळी वाजवायला दोन्ही हात मोकळे लागतात. त्या दिवशी गर्दीत एकाच मुलीचे हात मोकळे नव्हते."

सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या. त्या छातीशी धरलेल्या मुठीकडे.

"भाऊजींना वाटलं, बाप हरला म्हणून ती रुसलीय. मलाही वाटलं असतं. पण काल काकांच्या हातात चेंडू दिला, तेव्हा त्यांनी तो माझ्याकडे परत केला नाही. ज्याचा त्याला दिला. ताई, त्यांच्या डोक्यात मागचं सगळं आहे. फक्त सांगता येत नाही. आणि भिंतीचं काम या टोकाकडून घ्या, हा निरोप तुमचाच. शिपायाला विचारलं मी आज सकाळी."

ताई उभ्याच होत्या. नाकारतील असं भाऊजींना वाटलं, पण त्यांनी नाकारलं नाही.

"शेवटच्या टीवर ते माझ्यापाशी आले," त्या म्हणाल्या. "माझ्याच बाबांशी लढत होते आणि येऊन खाली वाकले माझ्यापुढे. म्हणाले, हा घे, आता मला याचा काही उपयोग नाही, तू सांभाळ. मी सांभाळला. किती सांभाळला! कुणालाही दाखवला नाही. बाबांना तेवढा माहीत होता." त्यांनी फोटोकडे बघितलं. "माणूस चांगला होता, मला माहीत आहे. पण आमच्या घराला एकफटके नाव पडलं ना! शाळेत तेच, बाजारात तेच. बाबा हसून घ्यायचे. मी नाही हसू शकले. आणि मग हे दालन झालं आणि मलाच सांगितलं, पाटी लिहा. माझ्या हाताने मी लिहिलं, एका फटक्याने. आता दगडावरही बाबांचं नाव नाहीच. ते किती दिवसांचे सोबती? वाटलं, जाण्याआधी एकदा तरी पहिलं म्हणावं कुणीतरी. त्यांना काय कळणार, असं समजून चालले होते मी. त्यांनी तो चेंडू माझ्यापुढे धरला ना काल, तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं."

चिटणीस कठोर आवाजात म्हणू लागले, "ताई, समितीला हे सांगावं लागेल, तुम्हाला इथे..."

खुर्चीचं चाक करकरलं. काकांनी डावा हात चाकावर घातला होता आणि ते स्वतःला पुढे ढकलत होते. वेडंवाकडं, दर वेळी एका बाजूला वळत. कुणी मदतीला धावलं, तर त्यांनी मानेने नको म्हटलं, आणि तो नकार सगळ्यांना स्वच्छ कळला. मास्तरीणबाईंपुढे येऊन ते थांबले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि तोच हात पुढे केला.

गोल्फमध्ये शेवटच्या होलवर असंच करतात. टोपी काढायची, हात मिळवायचा. खेळ संपला, मान्य आहे. ज्या माणसाने होडीवाल्याचा तो फटका दोन हातांवरून बघितला होता, तो आज दुसऱ्यांदा हेच सांगत होता. मास्तरीणबाईंनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांना आता आवाज आवरता आला नाही.

*

समितीने होकार दिला आणि दुपारपर्यंत पाथरवटाने छिन्नी चालवायला घेतली. होडीवाल्याचं नाव, खोल.

मास्तरीणबाई चेंडू घेऊन घरी गेल्या. भाऊजींनीच सोडलं त्यांना, आणि नंतर भाऊजींचाच पाय दारातून निघेना.

"आई, नाव कोरलं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"सांगितलंस की परवा."

"हो. पण आज कोरलं."

म्हातारीने लेकीकडे तोंड वळवलं. कळायचं ते तिला कळलं असावं. लेकीने तिच्या हातात चेंडू ठेवला. तिची बोटं त्यावरून फिरली, चिरेपाशी थांबली.

"चिरलेला आहे. हा त्यांचा आधीचा. पोराला देऊन टाकलेला." तिने मान वर केली. "कुणाला दिला होता ग?"

मास्तरीणबाईंनी भाऊजींकडे बघितलं. मग आईच्या जवळ बसून त्यांनी सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. भिंत, ठिपके, ती मूठ, ती पाटी. भाऊजींना वाटलं, आता म्हातारी शिव्याशाप देईल. देण्याचा हक्कच होता तिला.

म्हातारीने चेंडू पदराने पुसला. उरलेली माती निघेपर्यंत सावकाश पुसला आणि लेकीच्या हातात परत दिला.

"मग इथे कशाला आणलास? तिचा आहे तो. यांनी दिलाय तिला. जा, देऊन ये."

"आई, तिने बाबांना..."

"ऐकलं मी. देऊन ये आधी."

भाऊजींनी गाडी पुन्हा काढली. ताईंच्या घराचं दार लोटलेलं होतं. आत काकांना भरवणं चाललं होतं, वाटीत चमचा वाजल्याचा आवाज बाहेर येत होता. मास्तरीणबाई पायरीवर थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी कडी वाजवली.